दीड तास पुढचा बार

१४ जानेवारी, रविवार. नांदेड

ही वही मी डिसेंबरातच वजिराबादच्या बाजारातून आणली होती. आणली आणि कपाटावर टाकली. आधी पेन सापडेना. पेन सापडला तेव्हा वहीवर बाबांनी लाइट बिल आणि वर चष्म्याची डबी ठेवलेली, ते उचलायचा कंटाळा. मग एकदा लिहायला बसलो तर खाली गल्लीत कुणाचा तरी ऑटो गरम होऊन बंद पडला होता, तो बघायला गेलो आणि तिकडंच जेवलो. असा महिना गेला. आज बाबा नामविस्तार दिनाच्या कार्यक्रमाला गेलेत, घर रिकामं आहे, आज तरी लिहितो.

ताईनं सांगितलंय सगळं ओळीनं लिहून काढायला. ताई म्हणजे पंचशीला, माझी मोठी बहीण, लातूरला शाळेत शिकवते. म्हणाली, तू सांगतोस तेव्हा मधलंच आधी येतं आणि शेवट येतच नाही. ते खरं आहे. बारावी पण माझी मध्येच राहिली.

तर. माझा थायलंडात बार आहे.

लोकांना मी पटाया सांगतो, कारण इथं तेवढंच नाव माहीत आहे. मग ते डोळा मारतात आणि मला पुढचं काही सांगावं लागत नाही. खरं गाव पटायाच्या पुढं तासभर, कोळ्यांचं, संध्याकाळी सगळीकडं सुक्या मासळीचा वास. सात टेबलांचा बार, गल्लीच्या तोंडाशी.

तिथं मी पोचलो गुरुद्वाऱ्यामुळं. पुणं, हैदराबाद, दुबई असं सगळीकडं थोडं थोडं करून परत आलो होतो आणि गुरुद्वाऱ्यापाशी ऑटो चालवत होतो. एक सरदारजी बसले, सुरजीतसिंग. त्यांचं शिंप्याचं दुकान थायलंडात, आजोबांपासूनचं. दर्शनाला आले होते, चार दिवस मीच फिरवलं. जाताना म्हणाले, कभी आना. असं सगळेच म्हणतात आणि कुणी जात नाही. मी गेलो. त्यांच्या दुकानाला लागूनच बार होता, मालक थकलेला होता. मी ऑटो विकला, दुबईचं थोडं होतं, ताईनं दाजींना न सांगता गंठण दिलं.

परदेशी माणसाच्या एकट्याच्या नावावर तिथं असा धंदा होत नाही. मी म्हटलं, यात काय एवढं. आपल्याकडं कितीतरी परमिट रूम अशाच चालतात, लायसन एकाचं, धंदा दुसऱ्याचा. बारसमोर विलाई नावाची बाई नूडल्सचा गाडा लावायची. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. नवरा नाही, एक मुलगी शिकायला बँकॉकला. तिच्या नावावर सगळं केलं. कागद त्यांच्या लिपीत, मी कुठं सही करायची ते तिनंच बोटानं दाखवलं.

आणि मग मी जे केलं ते इथला कुणीही माणूस करेल. गिऱ्हाईक आलं की मला बसवत नाही. पाणी ठेवलं, बाटली फोडली, ग्लास विसळले. एप्रिलपासून हेच करत होतो. डिसेंबरात दोघं जण आले, बियर मागितली, मी हसून दिली, त्यांनी खिशातून ओळखपत्रं काढली. कामाचा परवाना नसेल तर मालकानं स्वतःच्या दुकानात ग्लास धुणं पण तिथं गुन्हा आहे. आपल्याकडं मालकानं टेबल पुसलं तर लोक म्हणतात पोरगं कष्टाळू हाय. तिथं दंड झाला आणि विमानात बसवलं. दोन वर्षं तरी इकडं फिरकू नको, असं वकील म्हणाला.

म्हणजे बार तिकडं, मी इकडं आणि कागदावर नाव विलाईचं. उद्या ती म्हणाली की हे माझं, तर माझ्याजवळ दाखवायला काही नाही. हे एवढंच आहे. बाकी सगळं याच्या आजूबाजूचं.

बाबांना बार माहीत नाही. बाबा रेल्वेतून रिटायर झालेत, आई गेल्यापासून विहारातच जास्त असतात. पौर्णिमेची वंदना तेच घेतात, पंचशील सांगताना पाचव्या, दारू न पिण्याच्या शीलाला त्यांचा आवाज जरा चढतो. त्यांना मी हॉटेल सांगितलंय. आपल्याकडं हॉटेल म्हणजे चहा-भजी. पोरगं बुद्धाच्या देशात हॉटेल चालवतं म्हणून ते खूश आहेत. सध्या मी सुट्टीवर आहे.

१७ जानेवारी

बारमध्ये दोन कॅमेरे आहेत, एक दारावर, एक आत काउंटरवर. मोबाइलवर दिसतात, आवाज येत नाही. तिथलं घड्याळ दीड तास पुढं. इथं साडेचार वाजले की तिथं सहा, विलाई शटर उघडते. आधी झाडते. मग कोपऱ्यातल्या छोट्या देव्हाऱ्यापुढं लाल सरबताची बाटली ठेवते, त्यात स्ट्रॉ पण घालते. मग खुर्च्या. एक तांबडं मांजर आहे, ते बरोबर माझ्या खुर्चीवर बसतं. त्याला हाकलायला हात वर केला आणि बाबांनी पाहिलं.

"काय बघून राहिलास रोज?"

मी म्हटलं, क्रिकेट.

बाबा मागं उभे राहून बराच वेळ बघत होते. म्हणाले, "बॅट तर कुणाच्याच हातात दिसंना," आणि दळण आणायला गेले.

२६ जानेवारी. लातूर

ताईकडं आलोय. शाळेतलं झेंडावंदन करून ती आली आणि जिलेबी खाता खाता मला रागावली. वही दाखवली, तेव्हा शांत झाली.

दुपारी शिवकुमारला भेटलो. बारावीला आम्ही एकाच खोलीत राहायचो. तो पास झाला. घर शिरूर अनंतपाळचं, लिंगायत, गळ्यात लिंग. अंडं पण खात नाही, दारूचा वास आला की अजून तोंड फिरवतो, आणि चाकूर रोडला परमिट रूम चालवतो. लायसन उदगीरच्या एका म्हाताऱ्याचं. आज ड्राय डे, म्हणून बाहेर खुर्ची टाकून फुरसतीत बसला होता.

मी सगळं सांगितलं. तो हसला नाही, याचीच मला भीती वाटली.

"बाईच्या नावावर केलास? मालक, तुमचं काही खरं न्हाई."

"तुझं तरी कुठं तुझ्या नावावर हाय?"

"माझं येगळं. म्हाताऱ्याला मी दर दसऱ्याला धोतर आन् म्हातारीला लुगडं नेऊन देतो. नात्यावानी झालंय. तू तिला काय देतोस?"

मी आठवून पाहिलं. पगार देतो म्हटलं. बाकी काही आठवेना. उलट मला जुलैमध्ये ताप आला होता तेव्हा ती गाड्यावरचं पातळ भाताचं काहीतरी रोज वर खोलीत आणून द्यायची, ते आठवलं. ते मी शिवकुमारला सांगितलं नाही.

तो म्हणाला, लक्षात ठेव, तिनं काही उलटंसुलटं केलं तर भांडत बसायचं नाही. भाऊबंद करतात तसं करायचं. तिच्या कुलपावर आपलं कुलूप लावायचं. मग ती पण उघडू शकत नाही, आपण पण नाही. बोलायला बसावंच लागतं. आमच्या गावात अशी निम्मी घरं आहेत, म्हणाला. मी विचारलं, मग बोलून उघडली का. तो म्हणाला, काही उघडली.

२ फेब्रुवारी. नांदेड

विलाईचा निरोप आला. आम्ही दोघं तुटक्या इंग्रजीत बोलतो, तिची जरा कमी तुटकी आहे. इमारतीच्या मालकाशी जुन्या बारवाल्यानं केलेला जागेचा करार मार्चात संपतो. समुद्रावर मोठा बार असलेल्या एकाला आमची जागा हवी आहे. मालक म्हणतो, पंधरा मार्चपर्यंत सांगा. एक तर विलाईनं नवा तीन वर्षांचा करार आपल्या एकटीच्या नावावर करायचा, नाहीतर मोठ्या बारवाल्याकडून मिळेल ते घेऊन जागा सोडायची. तू सांग, असं तिनं लिहिलंय. शेवटी एक हात जोडलेलं चित्र.

"तू सांग" हे चांगलं आहे की वाईट, यावर दोन तास घालवले. करार केला तर जागा पण तिची होणार. मग माझं काय राहिलं, मांजर?

शिवकुमारला फोन केला. म्हणाला, बाई हुशार आहे, तुझ्याच तोंडून वदवून घेऊन राहिली.

११ फेब्रुवारी

बाबा विहारातल्या लोकांबरोबर तीर्थाला चाललेत, पुढच्या महिन्यात. आज सकाळी चहा पिताना खूप प्रश्न विचारत होते. विमानात म्हाताऱ्या माणसाच्या कानाला त्रास होतो का. बॅग किती किलोची चालते. बाहेर गेल्यावर मासे न खाणाऱ्या माणसाचं भागतं का. मी म्हटलं, गयेला सगळं शाकाहारीच मिळतं, काळजी करू नका. बाबा म्हणाले, "हाव. ते बी खरंच." हल्ली लोक गयेला पण विमानानं जातात, चांगलं आहे. रेल्वेत अख्खी नोकरी केली, आता एकदा विमान बघू द्या.

मला नीट बोलता आलं नाही, कारण काल रात्रीचं रेकॉर्डिंग डोक्यात होतं. एक माणूस काउंटरवर कागद पसरून बसला होता. विलाई बोट ठेवून ठेवून वाचत होती. मग त्यानं भिंतींचे फोटो काढले. भिंतींचे फोटो कोण काढतं? घेणारा काढतो. तिला विचारलं तर म्हणाली, मालकाचा मुलगा, नवा करार, गळतीचे फोटो. गळती आहे हे खरं, पावसाळ्यात मी तिथं बादली ठेवायचो. पण गळती फेब्रुवारीत कशाला?

बाबांनी जाताना विचारलं, तुझ्या हॉटेलाचा पत्ता त्यांच्या भाषेत लिहिलेला आहे का. मी म्हटलं, आहे. कशाला? म्हणाले, कशी दिसते लिपी, बघावी म्हटलं. मोबाइलवर दाखवली. त्यांनी फोटो काढून घेतला. म्हाताऱ्यांना कशाचं कौतुक वाटेल सांगता येत नाही.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते आजच लिहितो.

साडेचारला आतला कॅमेरा लावला तर अंधार. पाच वाजले तरी अंधार. शनिवार संध्याकाळ, गिऱ्हाइकाचा दिवस, आणि शटर बंद. विलाईला फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला, बंद. कालच तिनं सगळ्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या मी पाहिल्या होत्या. विकला, असंच वाटलं.

शिवकुमारला सांगितलं. तो म्हणाला, "आता इचार करू नको. कुलपावर कुलूप."

मग सुरजीतसिंगना फोन केला. तुमच्या दुकानाचं एक कुलूप काढा आणि माझ्या शटरला लावा म्हटलं. ते म्हणाले, बेटा, एक दिन रुक जा. मी थांबायला तयार नव्हतो. मी त्यांना काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. त्यांनी फोन ठेवला. दहा मिनिटांनी कुलपाचा फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नाही.

मला एकदम बरं वाटलं. किती दिवसांत वाटलं नव्हतं तेवढं. भूक पण लागली.

संध्याकाळी बाबांना आणायला विहारात गेलो. वंदना झाली होती, बाबा बोलत होते, मी मागं चपलांजवळ उभा राहिलो. आज माघ पौर्णिमा, कुणाचंही बोलावणं नसताना एवढे भिक्खू एका जागी कसे जमले ते सांगत होते. मग म्हणाले, "थायलंड देशात आजच्या दिवसाला लई मान हाय. तिथं आज दारूची दुकानं कायद्यानं बंद असतात. माणसं मेणबत्त्या घेऊन विहाराला फेऱ्या मारतात."

हे म्हणताना ते समोरच्या बायकांकडं बघत होते, माझ्याकडं नाही. पण मला तिथं उभं राहवेना.

मी तिथं असताना पण असे दिवस आले होते. बार बंद असायचा, मी समुद्रावर जाऊन झोपायचो. का बंद, हे कधी विचारलंच नाही. बौद्धाचं पोरगं. शाळेत असताना याच विहारात पाठ म्हणून दाखवल्याबद्दल मला कंपास मिळाला होता.

सुरजीतसिंगना लगेच फोन लावला. उचलला नाही. तिकडं ते लवकर झोपतात. बाबांना एवढं कसं माहीत, हा विचार नंतर आला. वाचलं असेल कुठं तरी.

२५ फेब्रुवारी

सुरजीतसिंगांनी सकाळी कुलूप काढलं, पण उशीर झाला होता. विलाई पहाटे विहारातून परस्पर बारवर आली होती, देव्हाऱ्याची फुलं बदलायला. दारावरच्या कॅमेऱ्यात सगळं आहे. पांढरे कपडे, हातात फुलं. आपल्या कुलपाला किल्ली लावली, मग दुसरं कुलूप दिसलं. ते हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं. मग पायरीवर बसली. सुरजीतसिंग येईपर्यंत तिथंच बसून होती. मी हे चार वेळा बघितलं, पाचव्यांदा बघवलं नाही.

मी मोठा निरोप लिहिला. तिचं उत्तर आलं: तू मला कुलूप लावलंस. ठीक आहे.

दुपारी आतला कॅमेरा हलला आणि भिंतीकडं वळला. आता मला एक भिंत दिसते, आणि खरंच तिच्यावर ओल आहे.

३ मार्च. लातूर

शिवकुमारला भेटणं आणि ताईला सांगणं, दोन्ही कामं एकदमच झाली.

आधी शिवकुमार. उदगीरचा म्हातारा आठ दिवसांपूर्वी गेला. तिसऱ्याच दिवशी थोरला मुलगा येऊन परमिट रूमला कुलूप लावून गेला, म्हणाला लायसन आता आमचं. धाकट्याला कळलं, त्यानं त्याच्यावर आपलं लावलं. मग शिवकुमारनं रागानं तिसरं लावलं. मी गेलो तेव्हा तो समोरच्या पानटपरीच्या बाकड्यावर बसून तिन्ही कुलपांकडं बघत होता.

मी म्हटलं, आता बोलायला बसतील ना?

"कुणी फोनच उचलंना." मग टपरीवाल्याला दोन सोडे सांगून म्हणाला, "धोतर-लुगड्याचं पोरांच्या ध्यानात ऱ्हात न्हाई रे."

त्याला टोमणा मारायचं मनात होतं, पण नाही मारला. आम्ही दोघं सोडा पिऊन उठलो.

रात्री जेवणं झाल्यावर ताईला कुलपाचं सांगितलं. दाजी ड्यूटीवर होते म्हणून बरं. तिनं सगळं ऐकून घेतलं. पंधरा तारखेचं पण सांगितलं. मला वाटलं, गंठणाचं काढेल. तिनं काढलं नाही.

"रवी, कागदावर तिचं नाव हाय, तरी ती रोज दुकान झाडून तुझ्यासाठी उघडते. तुझं कशावरच नाव न्हाई, तरी कुलूप तू लावलंस. तिला काय वाटलं असंल, मालक कोण हाय म्हणून?"

मी म्हटलं, मला भीती वाटली.

"ते तिला लिहिलंस का?"

ते मी लिहिलं नव्हतं. मी कायद्याचं, कराराचं, सुरजीतसिंगांचं, सगळ्याचं लिहिलं होतं.

ताईनं विलाईचा नंबर मागितला. बायका-बायकांत बोलते म्हणाली. मी म्हटलं, इंग्रजीत बोलावं लागेल. ती म्हणाली, मी पोरांना इंग्रजीच शिकवते, बारवाल्यापेक्षा बरं येतं. नंबर दिला. काही उपयोग होईल असं वाटत नाही, ती माझ्याशीच बोलत नाही तर.

मग ताईनं विचारलं, बाबांना अजून हॉटेलच सांगतोस का? मी म्हटलं, हो, त्यांना काही कळलेलं नाही, देवाची कृपा. ती म्हणाली, "कुठल्या देवाची?" आणि हसत भांडी घासायला गेली. तिचं असंच असतं.

६ मार्च. नांदेड

विलाईला लिहिलं: मला भीती वाटली. तेवढंच. वाचल्याची खूण आली, उत्तर नाही.

बाजारात गेलो होतो, बाबांना पांढरा सदरा आणायला. शहर बसमध्ये एक माणूस कोंबडा घेऊन बसला होता आणि कंडक्टर त्या कोंबड्याचं तिकीट मागत होता, त्यावरून बस थांबलेली. खूप हसलो. उतरायचं राहूनच गेलं, दोन स्टॉप पुढं गेलो.

१० मार्च, रविवार

बाबांना स्टेशनवर सोडून आलो. विहारातली पंधरा-सोळा माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत, बायका एकमेकींच्या डब्यात काय आहे ते विचारत होत्या. गाडी हैदराबादकडची. मी म्हटलं, गया तर वर आहे, हे खाली कुठं? टूरवाला पोरगा माझ्याकडं बघतच राहिला. बाबा मध्येच म्हणाले, "विमान तिथून हाय." म्हटलं बरोबर, टूरवाले कुठून स्वस्त पडेल तिथून नेतात.

डब्यात चढायच्या आधी बाबांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, गॅस बंद कर वगैरे सांगतील.

"तुझ्या हॉटेलात लोक चहा पितात का?"

मी म्हटलं, तिकडं चहात बर्फ घालतात.

"आन् दुसरं काय पितात?"

"नारळपाणी."

बाबांनी मान हलवली. बराच वेळ हलवत होते. मग म्हणाले, "मी चाळीस वर्षं रेल्वेत काढली, रवी. पिणारी माणसं पाहिली, विकणारी पाहिली, आन् फसणारी बी पाहिली. मला सगळ्यात वाईट कुणाचं वाटतं सांगू? जो एकटाच निस्तरत बसतो त्याचं."

गाडीनं शिटी दिली. मी त्यांच्या पायाला हात लावला, ते खिडकीत बसले आणि शेजारच्या काकांनी त्यांना शेंगदाणे दिले. हे ते एकदम का बोलले, कळलं नाही. वय झालं की माणसं स्टेशनवर हळवी होतात.

घरी आलो तर घर लईच मोठं वाटलं.

१३ मार्च. लातूर

एकटं करमेना म्हणून ताईकडं आलो.

परवा पंधरा तारीख. रात्रभर विचार केला. करार विलाईच्या नावावर झाला तर तीन वर्षं मी कॅमेऱ्यातली भिंत बघत बसणार आणि तिच्या मनात आलं तर तेवढी पण नाही. जागा सोडली तर जे मिळेल ते मिळेल आणि विषय संपेल. ताईचं गंठण पूर्ण नाही, पण निम्मं तरी होईल. सकाळी विलाईला लिहिलं: सोडून दे. त्या मोठ्या बारवाल्याला हो म्हण. तुला जे योग्य वाटेल ते ठेवून घे.

पाठवल्यावर मला वाटलं होतं मोकळं वाटेल. मी गच्चीवर गेलो, तिथं शेजाऱ्यांच्या पापडांवर कावळे बसत होते, ते हाकलत ऊन चढेपर्यंत बसलो.

दुपारी उत्तर आलं. सतरा दिवसांनी पहिलं. "शुक्रवार. शुक्रवारपर्यंत थांब."

ताईला दाखवलं. ती म्हणाली, मग थांब की.

१५ मार्च, शुक्रवार

आज सकाळपासून मोबाइल चार्जिंगलाच आहे आणि मी त्याच्या वायरला बांधल्यासारखा भिंतीपाशी. ताईनं शाळेतून रजा घेतलीय. बरं वाटत नाही म्हणाली, पण मघापासून स्वयंपाकघरात गुणगुणतेय.

जेवल्यावर बघितलं तर आतला कॅमेरा सरळ झालेला. पुन्हा सगळं दिसलं, काउंटर, टेबलं, माझी खुर्ची, तिच्यावर मांजर. मला आधी आनंद झाला. मग बघतो तर विलाई स्टुलावर उभी, आणि सुरजीतसिंग खालून तिला पांढरं कापड देऊन राहिलेत, मोठं, दुकानातल्या ताग्यातलं असेल. बाटल्यांच्या फळ्यांवर तिनं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत टाचलं. एक पण बाटली दिसेना. बाहेरचं बियरचं झगमगतं चित्र काढून आत उलटं लावून ठेवलं. म्हणजे सामान गुंडाळायला घेतलं. मीच सांगितलं होतं. एवढं नीट टाचायची काय गरज होती, खोक्यात भरायचं.

मग तिनं मधलं टेबल पुसलं. तीनदा पुसलं. चार खुर्च्या ठेवल्या. इमारतीचा मालक आला, त्याच्याबरोबर तो फोटो काढणारा मुलगा, कागद घेऊन. ते बसले. विलाई बसली नाही. कागदाला हात पण लावला नाही, सारखी दाराकडं बघत होती. मोठा बारवाला यायचा असेल.

दारावरच्या कॅमेऱ्यावर गेलो. गल्लीत एक टॅक्सी थांबली. सुरजीतसिंग धावत पुढं गेले, दार उघडून धरलं. आतून एक म्हातारा उतरला, पांढरा सदरा, पांढरं धोतर, खांद्याला पिशवी. हातातल्या मोबाइलकडं बघितलं, मग दुकानाकडं, मग परत मोबाइलकडं. पायरीपाशी थांबून त्यानं चपला काढल्या आणि भिंतीला लावून नीट जोडून ठेवल्या. बारमध्ये येताना चपला कोण काढतं? विलाई बाहेर आली, दोन्ही हात जोडून इतकी खाली वाकली की मला तिचं फक्त डोकं दिसलं. म्हाताऱ्यानं पण हात जोडले. मग तिनं त्याची पिशवी घेतली आणि आत नेऊन मालकाच्या समोरच्या खुर्चीवर बसवलं. तेव्हा कुठं ती स्वतः बसली आणि कागद पुढं ओढले.

मी मोबाइल दिवाणावर ठेवला आणि ओरडलो, ताई, ताई, बाबा... बाबा तिकडं...

ताई भाकरी थापत होती. पीठ लागलेल्या हातानंच दारात आली, घड्याळाकडं बघितलं.

"पोचले का?" म्हणाली.